चेहऱ्यावरून फिरलेला हात

संगणक आले आणि फोटो खोटे झाले, ही तक्रार आता इतकी सर्रास ऐकू येते की ती तपासून पाहावी असे कोणाला वाटत नाही. स्थळासाठी पाठवलेल्या फोटोतली मुलगी समोर आल्यावर ओळखू येत नाही, दशक्रियेच्या बॅनरवरचे आजोबा चाळिशीचे दिसतात, आणि तालुक्याच्या गावातला फोटोवाला गिऱ्हाईक चहा पिऊन होईपर्यंत त्याच्या गालावरचे सगळे डाग काढून टाकतो. ही निरीक्षणे बरोबर आहेत. चुकीचा आहे तो त्यांच्यामागे गृहीत धरलेला इतिहास: पूर्वी कॅमेरा दिसेल तेच टिपत असे आणि सॉफ्टवेअरने त्याला बिघडवले, हा. धुळे-जळगाव रस्त्यावरच्या पारोळ्यासारख्या गावातून मागे पाहू लागलो की क्रम नेमका उलटा दिसतो. माणसाच्या फोटोवर हात फिरवण्याची रीत जवळजवळ फोटोइतकीच जुनी आहे. हात न फिरवलेला फोटो घरोघरी पोचला तो काळ मात्र जेमतेम वीसेक वर्षांचा. म्हणून फोटोत किती बदल केला, या प्रश्नाने फारसे काही हाती लागत नाही. बदल करताना तो चेहरा ओळखणारे कोणी शेजारी बसले होते का, आणि मूळ प्रत पुढे कुठे गेली, हे विचारले तर बरेच उलगडते. पारोळ्याच्या इतिहासात याची कसोटी पाहणारे एक मोठे उदाहरणही आहे. पण त्याआधी पेन्सिलीकडे जायला हवे.

पॅरिसच्या १८५५ च्या जागतिक प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगलने एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती मांडल्या, एक जशीच्या तशी आणि दुसरी निगेटिव्हवर हात फिरवल्यानंतर काढलेली, आणि लोक थक्क झाले. त्या सुमारास आपल्याकडेही कॅमेरा नवा नव्हता. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली, लगेच पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे धंदेवाईक फोटोग्राफर तयार झाले. खानदेशच्या सीमेवर अजिंठ्याच्या लेण्यांत मेजर रॉबर्ट गिल ब्रश ठेवून कॅमेरा हाती घेत होता. त्याची कबर भुसावळला आहे. म्हणजे रिटचिंग हे फोटोग्राफीच्या उतारवयातले खूळ नव्हे, ती दोघे बरोबरीनेच वाढली. काम चाले असे: दुधी काच बसवलेला उतरता डेस्क, काचेखाली आरसा किंवा दिवा, काचेवर निगेटिव्ह, वरून अंधार करणारे झाकण. डामर नावाचा राळेसारखा डिंक टर्पेंटाइनमध्ये विरघळवून त्याचा पातळ हात निगेटिव्हवर चोळायचा, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागावर पेन्सिल धरते. मग कडक शिशाची पेन्सिल सँडपेपरवर घासून सुईसारखी करायची आणि बारीक ठिपके, स्वल्पविरामासारख्या रेघा, एकावर एक. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. सुरकुती म्हणजे सावली, आणि सावली निगेटिव्हवर पारदर्शक दिसते. त्या पारदर्शक जागेत शिसे भरले की तिथून उजेड कमी जातो आणि कागदावर ती जागा उजळ उठते. उलट एखादी जागा गडद करायची असेल तर पात्याच्या टोकाने इमल्शन हलके खरवडायचे. त्यात हात चुकला तर परत फिरता येत नसे, म्हणून पाते शेवटी, तेही अनुभवी माणसाच्याच हातात. पेन्सिल मात्र पुसता येई.

हे सगळे हौसेखातर चालले होते असे म्हणता येणार नाही, कारण कॅमेऱ्यातली निगेटिव्हची काच स्वतःच खोटे बोलत होती. ओल्या कलोडियनच्या काचेला फक्त निळा आणि जांभळा उजेड समजत असे. पुढे आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना आणि फिल्मना हिरवाही कळू लागला, पण तांबडा तरीही नाही. तांबडे ते सगळे काळे. याचा हिशेब आपल्याकडच्या चेहऱ्यांवर मांडून पाहावा. उन्हात रापलेल्या कातडीत तांबूसपणा असतो, ती होती त्याहून काळी उमटे. कपाळावरचे ठसठशीत कुंकू फोटोत काळ्या गोळ्यासारखे दिसे. निळे लुगडे पांढरे पडे. चेहऱ्यावरचा प्रत्येक वांग, प्रत्येक तीळ दुपटीने उठून दिसे. तांबडा रंगही ओळखणारी पॅनक्रोमॅटिक काच १९०६ च्या सुमारास बाजारात आली खरी, पण ती पूर्ण अंधारात हाताळावी लागे, तर ऑर्थो फिल्म लाल दिव्याखाली डोळ्यांदेखत धुता येई; त्यामुळे स्टुडिओंना ऑर्थो सोडवेना. त्यात भर देवीच्या वणांची. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. तोवर वण असलेले चेहरे प्रत्येक गावात, प्रत्येक वाड्यात होते. बाजूने उजेड पडला की एकेका वणाची एकेक छोटी सावली पडते, आणि निगेटिव्हवर तितकेच पारदर्शक ठिपके उमटतात. रिटचर ते एकेक करून भरत असे. असा चेहरा नीट करायला तास-दोन तास सहज लागत. घरच्यांना ते वण दिसतच नसत, कारण रोजच्या पाहण्यात माणूस दिसतो, वण नाही. फोटोत मात्र आधी वण दिसत आणि मग माणूस. ही उफराटी उतरंड सरळ करणे, याला लबाडी म्हणायचे तर तो शब्द फार सैल वापरला असे म्हणावे लागेल.

तरीही सगळे काचेवर ढकलून चालणार नाही. काच सुधारल्यावर रिटचिंग थांबायला हवे होते, ते थांबले नाही, उलट वाढले. त्याचे कारण रसायनांत सापडत नाही. ते देवघरात सापडते. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत पूर्वजांचे टाक असतात: चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली आकृती, कधी घोड्यावरचा वीर, कधी जोडप्याची. होळीनंतर नाशिक-खानदेशकडे काही घरांतले हे वीर वाजतगाजत मिरवायला निघतात. या टाकांकडे पाहून अमक्या आजोबांचे नाक कसे होते ते कोणी सांगू शकणार नाही, सगळे वीर सारखेच दिसतात. पण हे आमचे आजोबा, हे सांगताना घरातल्या कोणाची जीभ अडखळत नाही. टाकाचे काम नाकडोळे सांगण्याचे नाहीच. मेलेला माणूस आता पूर्वजांत बसला, त्याचा मान अमुक, त्याचा नैवेद्य अमुक, इतके त्याने सांगायचे. खानदेशची कानबाई पाहा. श्रावणात तिची स्थापना होते ती नारळावर. त्याला नथ, कुंकू, दागिने चढले की नारळाची कानबाई होते, रात्रभर तिच्यापुढे गाणी होतात आणि दुसऱ्या दिवशी तिला निरोप देताना बायकांचे डोळे भरून येतात. ज्या मुलखात मुखवटा चढवल्यावरच चेहरा पुरा होतो, तिथे फोटो आला तो या रांगेत येऊन बसला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरली जाते, तेव्हा भिंतीवरच्या तसबिरीलाही हार चढतो. तसबीर हा टाकाचा वारस आहे, असे माझे म्हणणे आहे, आणि वारसाकडून घराने तीच अपेक्षा ठेवली जी टाकाकडून होती.

या म्हणण्याला पुरावा आहे तो गिऱ्हाइकांनी केलेल्या मागण्यांचा. नुसते सुंदर दिसायचे असते तर मागण्या तरुण पोरापोरींच्या असत्या. जुन्या धंद्यात रिटचरचे आणि त्याच्या जोडीला बसणाऱ्या पेंटरचे मोठे काम होते ते मेलेल्यांचे. बापाचा एकही फोटो नाही, म्हणून प्रेताला बसते करून काढलेला फोटो यायचा आणि त्यात डोळे उघडून हवे असायचे. जत्रेत काढलेल्या दहा जणांच्या ग्रुपमधला नखाएवढा चेहरा उचलून त्याचे ब्रोमाइड एनलार्जमेंट करायचे, डोक्यावर टोपी किंवा पागोटे चढवायचे, उघड्या अंगावर कोट घालायचा. नवराबायको जन्मात एकत्र फोटोला बसले नाहीत, त्यांना दोन वेगवेगळ्या फोटोंतून एका बाकावर आणायचे. सवाष्ण गेलेल्या बाईच्या कपाळावर कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र ठळक करायचे. ही यादी पाहिली की कळते, गिऱ्हाईक सौंदर्य मागत नव्हते, ते पद मागत होते. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातल्या नागदा गावातल्या स्टुडिओंचा अभ्यास करून १९९७ मध्ये पुस्तक लिहिले, त्यातही फोटोत माणसाचे अंतरंग पकडण्यापेक्षा त्याला हवे ते रूप देण्यावर भर दिसतो. नागद्याहून खानदेश काही फार लांब नाही. हे काम करणारे हातही अर्धे चित्रकाराचेच होते. सरकारी ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेले शाळेतले ड्रॉइंग मास्तर सुटीत एनलार्जमेंट रंगवत, आणि बाजारपेठेतल्या पाटीवर आर्टिस्ट आणि फोटोग्राफर हे शब्द शेजारी शेजारी असत. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला फोटोचा धंदा केला आणि लोणावळ्याला रविवर्म्याच्या छापखान्याचे काम केले; चित्र, फोटो आणि छपाई यांच्यात त्या काळी कुंपण नव्हते, हे त्यांच्या एकट्याच्या आयुष्यातून दिसते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. हे सारे मानाचे आणि पदाचे बोलणे ठीक, पण रिटचरची पेन्सिल चेहरे उजळच का करत होती? काळ्याचा गोरा झाला, गोऱ्याचा काळा कोणी करून घेतला? आक्षेप रास्त आहे. काचेने काळे केलेले मूळ रंगावर आणणे ही दुरुस्ती होती, पण हात तिथे थांबला नाही. लग्नाच्या बाजारात मुलीच्या रंगाला जे मोल होते, तेच स्टुडिओच्या दरपत्रकातही शिरले, आणि स्थळाचा फोटो हा मान देणारा फोटो राहिला नाही, तो माल दाखवणारा फोटो झाला. रघुवीर मुळगावकरांच्या कॅलेंडरांनी देवादिकांचा जो उजळ, नितळ चेहरा घराघरांत नेला, त्याने गिऱ्हाइकांच्या डोळ्याला वळण लावले असणार. एवढे कबूल करूनही एक गोष्ट नोंदवायला हवी. जुन्या पद्धतीत या उजळपणाला दोन बाजूंनी मर्यादा पडत असे. एक म्हणजे पैसा: शिशाचा प्रत्येक ठिपका म्हणजे वेळ होता. दुसरी म्हणजे घरची माणसे. एनलार्जमेंट घ्यायला मुलगा, विधवा, भाऊ दुकानात येत, फ्रेम उजेडात धरत आणि हे आमचे नानाच नव्हेत म्हणून परत करत. नाक सरळ केले तर चालत नसे, पागोट्याची घडी चुकली तर चालत नसे. पागोट्यावरून जात आणि गाव कळे, तिथे चूक म्हणजे अपमान. म्हणजे बदल कुठवर चालेल याची हद्द ठरवणारे साक्षीदार काउंटरच्या अलीकडे उभे असत. रंगाच्या बाबतीत हे साक्षीदार स्वतःच पूर्वग्रहात सामील होते, म्हणून तिथे हद्द ढळली. बाकी ठिकाणी ती बऱ्यापैकी टिकली.

मग मधला काळ आला, ज्याचा विसर पडल्यामुळेच आजची तक्रार जन्माला आली आहे. जुना स्टुडिओ हाफ प्लेट किंवा क्वार्टर प्लेट कॅमेऱ्यावर चालत असे. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच इंच बाय साडेसहा इंच. त्यात छातीपर्यंतचा फोटो घेतला तर निगेटिव्हवर चेहराच दीड-दोन इंचांचा भरतो, पेन्सिल सहज फिरते. पुढे रोल फिल्म आली, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू फिल्म आली, निगेटिव्ह लहान होत गेले. मग रंगीत पस्तीस मिलिमीटर आली आणि खेळ संपला. चोवीस बाय छत्तीस मिलिमीटरच्या चौकटीत लग्नातल्या ग्रुपमधला चेहरा मसुराच्या दाण्याएवढा, वर नारिंगी झाक, तीन थरांचे रंग. त्यावर शिसे चालवणार कुठे? शिवाय फिल्म धुवायला शहरातल्या कलर लॅबकडे जाऊ लागली आणि गावातल्या फोटोवाल्याचा डार्करूमशी संबंध तुटला. साधारण १९८० नंतरची वीस वर्षे अशी गेली की लोकांच्या अल्बममध्ये फ्लॅशने चमकणारी कपाळे, लाल डोळे आणि होते तसे गाल आले. रिटचिंगचा डेस्क माळ्यावर गेला. हा कारागीर संगणकाने बेकार केला असे म्हणतात, पण त्याला रंगीत फिल्मने आधीच घरी बसवले होते. ज्या पिढीचे बालपण या वीस वर्षांत गेले तिला फोटो म्हणजे हेच वाटले, आणि आज खऱ्या फोटोच्या नावाने हळहळते ती मुख्यतः हीच पिढी. अपवादालाच तिने नियम मानले.

फोटोशॉपची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० मध्ये आली, थॉमस आणि जॉन नोल या भावांची; जॉन सिनेमांच्या दृश्यचमत्कारांच्या धंद्यात होता. त्यातली हत्यारे पाहिली तर ती डार्करूममधून उचलून आणलेली आहेत. एकाचे चिन्ह म्हणजे काडीवर लावलेली चकती, जी एनलार्जरखाली धरून चेहऱ्यावर पडणारा उजेड अडवत. दुसऱ्याचे चिन्ह म्हणजे पोकळ वळवलेला पंजा, ज्यातून उजेड एकाच जागी जास्त पाडत. एअरब्रशही तिथलाच. आज पंचविशीतला जो पोरगा तालुक्याच्या स्टुडिओत ही चिन्हे दिवसभर दाबतो, त्याने एनलार्जर डोळ्यांनी पाहिलेला नसतो. नवीन आले ते २००२ च्या सातव्या आवृत्तीतले डाग भरणारे हत्यार. चांगल्या कातडीचा पोत उचलून ते डागावर बसवते आणि भोवतालच्या रंगाशी, उजेडाशी आपणच जुळवून घेते. देवीच्या वणांनी भरलेला चेहरा, ज्याला रिटचरचे दोन तास जात, तो यात दहा मिनिटांत होतो. म्हणजे नवी गोष्ट होती ती स्वस्ताई. हद्द ठरवणाऱ्या दोहोंपैकी पैशाची हद्द गेली. साक्षीदाराची अजून होती, कारण गिऱ्हाईक खुर्ची ओढून पडद्याशेजारी बसे आणि अजून थोडं, नको, ते राहू द्या, तीळ राहू द्या असे सांगे. तीळ राहू द्या हे सांगणारे माणूस जोवर शेजारी आहे तोवर, माझ्या मते, पेन्सिल आणि माऊस यांत फरक करायचे कारण नाही. मोबाइलने मात्र हे माणूसही उठवले. तिथे फोटो काढण्याआधीच चेहरा गुळगुळीत होतो, कोणी न सांगता, कोणाला न विचारता.

कॅमेऱ्यापुढे बनाव करण्यावर ज्यांचा तात्त्विक आक्षेप आहे त्यांनी चाळीसगावला जाऊन यावे. पारोळ्याच्याच जिल्ह्यातले हे गाव आणि तिथे रेल्वे स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस आयुष्यभर जवळजवळ कोंडून घेऊन राहिले, १९८९ मध्ये तिथेच गेले. त्यांची कीर्ती टेबल-टॉप छायाचित्रांची: घरातल्या टेबलावर किरकोळ वस्तू मांडून त्यांतून अख्खा निसर्ग उभा करायचा आणि तो खरा वाटेल असा टिपायचा. त्याला कोणी फसवणूक म्हटले नाही, बक्षिसे दिली. अर्थात निसर्गाला ओळखपत्र लागत नाही, माणसाला लागते, आणि म्हणून पासपोर्टच्या फोटोला हात लावू नये हा नियम मला पूर्ण मान्य आहे. तो फोटो अनोळखी शिपायासाठी असतो. घरातल्या भिंतीवरचा फोटो ओळखीच्यांसाठी असतो. दोहोंना एकच नियम लावण्याचा हट्ट धरला की गोंधळ होतो.

आता पारोळ्याची ती कसोटी. गावातला भुईकोट किल्ला गॅझेटिअरप्रमाणे १७२७ च्या सुमाराचा, जहागीरदाराने बांधलेला. झाशीच्या नेवाळकर घराण्याचे पारोळ्याशी नाते होते. १८५७ च्या जूनमध्ये पारोळ्याच्या सदाशिवराव नारायण नावाच्या नेवाळकर भाऊबंदाने झाशीजवळचे करेरा ठाणे घेतले आणि स्वतःला झाशीचा राजा म्हणवले. राणी लक्ष्मीबाईने फौज पाठवून त्याचा बंदोबस्त केला. पुढे १८५९ मध्ये इंग्रजांनी पारोळ्याची जहागीर जप्त केली. त्यामुळे राणीची तसबीर या गावाला कॅलेंडरवरची परकी बाई नाही, भावकीतली आहे. आणि नेमका तिचाच खात्रीचा फोटो नाही. तो नाही म्हणून तो तयार झाला. २००९ च्या सुमारास वृत्तपत्रांतून एक फोटो गाजला: हॉफमन नावाच्या युरोपीय फोटोग्राफरने १८५० मध्ये काढलेला राणीचा एकमेव फोटो. तेव्हापासून तो मोबाइलवर फिरतोच आहे, कधी रंग भरून, कधी ओठ हलवून. कलकत्त्याच्या जॉन्स्टन आणि हॉफमन या ज्या प्रसिद्ध पेढीशी हे नाव जोडले जाते, ती १८८० नंतरची. राणी त्याआधी वीसहून अधिक वर्षे ग्वाल्हेरजवळ लढताना गेलेली. शिवाय १८५० मध्ये काचेच्या निगेटिव्हची कलोडियन रीत जाहीरही झालेली नव्हती, ती १८५१ ची. झाशीत त्या वर्षी कोणी फोटो काढलाच असता तर तो चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा एकमेव डॅगेरोटाइप किंवा कागदी निगेटिव्हवरचा धूसर ठसा निघाला असता.

कोणी म्हणेल, टाकाला नाकडोळे लागत नाहीत असे तुम्हीच म्हणालात, मग राणीच्या खोट्या फोटोने काय बिघडले? तोही टाकच समजा. एवढे समजून घेतले असते तर काहीच बिघडले नसते. घोड्यावरची राणी १९५७ सालच्या टपाल तिकिटाच्या काळापासून आपण पाहतो, तिला कोणी फोटो म्हणत नाही. ती टाकाच्याच जातीची आहे. तक्रार आहे ती टाकावर फोटोचा शिक्का मारण्याबद्दल, कारण त्या शिक्क्याखाली जे थोडे प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगून ठेवले आहे ते गाडले जाते. १८५४ मध्ये खालसा झालेल्या झाशीत जॉन लँग नावाचा वकील राणीला भेटला. राणीच्या लहानग्या दत्तकपुत्राने, दामोदररावाने, मधला पडदा बाजूला केला आणि लँगला ती क्षणभर दिसली. त्याने लिहून ठेवले ते असे: मध्यम बांधा, थोडी स्थूल, गोल चेहरा, सुरेख डोळे, फार गोरी नाही पण काळीही नाही, अंगावर तलम पांढरे वस्त्र, दागिने म्हणाल तर कानात सोन्याचे तेवढे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास'मध्ये झाशीतली राणी वर्णिली आहे, तीही नथ वगैरे सोडून दिलेली विधवा आहे, मोजक्या दागिन्यांची, कधी पुरुषी पोशाखातली. रंगाबांध्याविषयी दोघांचे एकमत होईलच असे नाही. एकाने परक्याच्या डोळ्यांनी ओझरते पाहिले, दुसऱ्याने आश्रिताच्या. पण त्या फोटोतली, नथ घालून, दागिन्यांनी मढून कॅमेऱ्याकडे पाहणारी बाई या दोन्ही वर्णनांत कुठेच बसत नाही. राणीचे दत्तकपुत्र दामोदरराव इंदूरला १९०६ पर्यंत हयात होते. त्यांच्यापुढे अशी तसबीर धरली असती तर हद्द कुठे ओलांडली हे त्यांनी एका वाक्यात सांगितले असते. २००९ मध्ये ते सांगणारे कोणीच उरले नव्हते, आणि गावातल्या रिटचरला जी भीती होती, नाना नव्हेत म्हणून फ्रेम परत येण्याची, ती फोटो पुढे ढकलणाऱ्या कोणालाही नव्हती.

दुसरा प्रश्न मूळ प्रतीचा, आणि त्याचे उत्तर गोडसे भटजींच्याच पुस्तकात मिळते. १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी ते छापले तेव्हा त्यांनी मजकुरावर बराच हात फिरवला: काही गाळले, भाषा सारखी केली, म्हणजे लेखी रिटचिंगच. पण हस्तलिखित त्यांनी फाडले नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिले आणि १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी त्यावरून मूळ मजकूर छापला. साठ वर्षांनी शिसे पुसून खालचा चेहरा पाहता आला. काचेच्या निगेटिव्हचेही तसेच होते. पेन्सिल टर्पेंटाइनच्या बोळ्याने निघते, आणि न निघाली तरी काच तिरपी धरली की शिशाच्या रेघा चमकतात. कुठे, किती, कोणत्या हाताने काम केले ते दिसते. खानदेशातल्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवर अशा काचा पडल्या असतील, तर त्यांत आजोबांचे देवीचे वण अजून जागच्या जागी आहेत. त्या धुऊन खिडक्यांना बसवण्याआधी किंवा भंगारात घालण्याआधी स्कॅन करून ठेवणे हे तालुक्याच्या वाचनालयाला न परवडण्याइतके खर्चाचे काम नाही. अडचण आताच्या कामाची आहे. सॉफ्टवेअरमध्ये मूळ थर खाली शाबूत ठेवून वर हवे ते करण्याची सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आहे, म्हणजे पेन्सिलीपेक्षाही ही रीत प्रामाणिक ठरू शकते. पण घाईच्या दुकानात सगळे थर एकात मिसळून फाइल त्याच नावाने सेव्ह होते, मूळ फोटो त्याखाली कायमचा जातो, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पोचते ती शेवटची प्रत. पन्नास वर्षांनी एखाद्या नातवाला आजीच्या गालावर तीळ होता की नव्हता हे पाहायचे झाले तर त्याला टर्पेंटाइनचा बोळा चालवायला काहीही उरलेले नसेल, आणि आजीला पाहिलेले कोणी घरात आहे का, हे शोधत त्याला हिंडावे लागेल.